टाकीतल्या पाण्याबद्दल

अहो,

साष्टांग नमस्कार घालायला माझा गुडघा परवानगी देत नाही, म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार. विनंती मात्र खरोखरच विशेष आहे, पण ती शेवटी. (पत्राच्या माथ्यावर तुमचं नाव लिहावं असं आपली लेक म्हणते. चौतीस वर्षांत जे तोंडाने घेतलं नाही ते पेनाने घ्यायचं म्हटलं तर पेनसुद्धा लाजतं. 'अहो' एवढ्यावर पत्र बरोबर पोचेल, कारण त्या घरात दुसरं कोणी 'अहो' नाहीच. जावयाला ती नावाने हाक मारते, तेही चारचौघांत.) इकडे सर्व क्षेम आहे. माझी तब्येत उत्तम, गुडघा सोडून. घराची तब्येत उत्तम, गॅरेज सोडून. तुमची तब्येत विचारायची सोय उरलेली नाही, कारण तुमची विचारली की तुम्ही नातीची सांगता. परवा मी फोनवर विचारलं, खोकला कसा आहे, तर तुम्ही म्हणालात, दोन दात आलेत. मी क्षणभर चरकलेच. या वयात?

म्हणून हे पत्र. फोनवर तुमच्या मांडीवर नात असते, पाठीमागे लेक उभी असते, आणि चित्रात तुमचं नुसतं कपाळ दिसतं. कपाळाशी मी किती बोलणार? पत्र वाचताना निदान तुम्ही चष्मा लावाल, एका जागी बसाल आणि मध्येच "थांब, थांब, ती हसली बघ" असं म्हणणार नाही. म्हणालात तरी मला ऐकू येणार नाही, हा पत्राचा दुसरा फायदा.

तर तुम्ही गेलात ते सहा आठवड्यांसाठी. माझ्या शाळेच्या परीक्षा तोंडावर होत्या, रजा मिळेना, आणि लेकीजवळ कोणीतरी जायलाच हवं होतं. म्हणून आजीच्या जागी आजोबा गेले. सगळी गल्ली हसली. ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल दोरीवर दिसत नाही, तो तान्ह्या बाळाचं काय बघणार, असं मीच पुढे होऊन सांगत होते. आता सहा आठवड्यांचे पाच महिने झाले आहेत, आणि लेकीकडून ऐकते ते असं, की बाळ तिच्या बाबांशिवाय, म्हणजे तुमच्याशिवाय, झोपत नाही, बाबांशिवाय आंघोळ करत नाही, आणि बाबांनी शिट्टी वाजवल्याशिवाय घास गिळत नाही. कौतुकच आहे. इकडेही एका व्यक्तीला नीट झोप लागत नाही, पण ती व्यक्ती मोठी असल्यामुळे तिची कोणी दखल घेत नाही.

आता तुमच्या मागच्या पत्राकडे वळते. त्यात दीड पान नात होती. उरलेल्या अर्ध्या पानात तुम्ही एका दमात लिहिलंय, की बाळ वर्षाचं होईपर्यंत राहावं असं पोरीचं म्हणणं आहे. की माझी नोकरीही पुढच्या वर्षी संपतेच, तेव्हा मीही तिकडेच यावं. की घर भाड्याने देता येईल. आणि की गॅरेजमधला काँप्रेसर पडून पडून गंजेल, त्यापेक्षा तो कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याला देऊन टाकावा. शेवटी, 'टाकीतलं पाणी रोज काढतेस ना? देतानाही काढून दे.' घर दोन शब्दांत आटोपलंत आणि टाकीतल्या पाण्याची मात्र दोनदा आठवण! वाचून मला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला, आणि तो अजून आहे.

तर ऐका. पाणी रोज काढते. काळजी नसावी.

(ते कसं काढते हे सविस्तर सांगते, म्हणजे तुमची खात्री पटेल.)

पहिल्यापासून सांगायचं तर, त्या यंत्राचं आणि माझं कधी जमलंच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोक कारखान्यातून निवृत्त होताना घरी शाल नाहीतर घड्याळ आणतात. तुम्ही ते लाल धूड आणलंत. चांगली हातभर रुंद आडवी टाकी, तिच्या पाठीवर मोटर, पट्टा आणि पंप, खाली दोन चाकं, आणि चालू केलं की सगळ्या भांड्यांना थंडी भरल्यासारखा आवाज. सात वर्षं त्या हवेने तुम्ही गल्लीतल्या सगळ्या चाकांत जीव भरलात, आपलं फाटक तीनदा रंगवलंत (दोनदा रंग चुकला म्हणून), आणि धूळ उडवण्याच्या नावाखाली माझ्या कपाटातली पुस्तकं, पंखा, भिंतीवरचं घड्याळ आणि एकदा तर माझ्या तपासलेल्या चाळीस उत्तरपत्रिका उडवल्यात. त्यातली एक अजून सापडलेली नाही. त्या मुलाला मी अंदाजाने पास केलं.

आणि रोज संध्याकाळी ते पाणी. मोटर बंद करून, हवा उतरवून, टाकीच्या पोटाखालचा तो पितळी कॉक तुम्ही हळूच फिरवायचात. आधी 'फुस्स', मग थुंकल्यासारखं तांबूस पाणी, मग पुन्हा बारीक 'फुस्स'. सुरुवातीला मी तुम्हाला हसले होते, आठवतं? जिच्यात कधी थेंब ओतला नाही त्या टाकीतून पाणी येतंच कसं, असं म्हणून मी छप्पर तपासायला लावलं होतं. मग तुम्ही टाकीवर ओला टॉवेल टाकता म्हणून येतं, असा आरोप केला होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, हवेतलं पाणी आहे ते. हवा दाबली, मग निवली, की सुटतं. तीस वर्षं चौथीच्या पोरांना बाष्पीभवन आणि सांद्रीभवन शिकवणारी मी, आणि ते मला एका फिटरने गॅरेजात उकिडवं बसून शिकवावं! दुसऱ्या दिवशी वर्गात मी गार पेल्याचं उदाहरण सोडून तुमच्या टाकीचं उदाहरण दिलं. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे.

असो. तुम्ही गेल्यावर आठवड्याने तुमचं सूचनापत्र आलं. अकरा कलमं आणि एक आकृती. पहिलं कलम 'प्रथम घाबरू नये' असं आहे. त्या कलमामुळेच मी घाबरले. आकृतीत टाकी म्हणून तुम्ही जे काढलंय त्याला पाय आहेत, शेपूट आहे, आणि कॉक अशा जागी दाखवलाय की मी तो कागद शाळेत उघडू शकले नाही. हस्ताक्षर गिचमिड, वेलांट्यांचा दुष्काळ. मी सवयीने लाल पेन घेतलं आणि कागद तपासला. दहापैकी सहा दिले. (एक गुण सातव्या कलमासाठी, 'काम नसेल तेव्हा कॉक उघडाच ठेवणे, म्हणजे टाकी आतून कोरडी राहते.' हे वाक्य सुटसुटीत आहे.)

पहिल्या रविवारी मी कामाला लागले. जुना गाऊन घातला, डोक्याला फडकं बांधलं, स्कूटर आणि टाकी यांच्या मधल्या फटीत चटई अंथरली, कलमाप्रमाणे बादली ठेवली आणि पाठीवर झोपून आत सरकले. आत जाणं सोपं होतं. कॉक दिसला, हात लावला, पण तो काही फिरेना, जाम बसला असावा. तेव्हा म्हटलं, उठून पक्कड आणावी, तर गुडघ्याने असहकार पुकारला. उजवीकडे स्कूटर, डावीकडे चाक, वर तुमची टाकी. त्या स्थितीत मी पंचवीस मिनिटं होते. टाकीचं पोट इतक्या जवळून प्रथमच पाहिलं. तिथे तुम्ही खडूने तेलाची तारीख लिहून ठेवली आहे आणि तिच्याखाली, का कोण जाणे, माझ्या शाळेचा फोन नंबर. मी तो बराच वेळ वाचत पडले होते.

त्याच वेळी शेजारचे सल्लागार फाटकातून आत आले. (तुम्ही त्यांना ठेवलेलं नाव मी तोंडावर वापरत नाही, पत्रात वापरते. माणूस पोस्टातून निवृत्त झाला, पण टपाल वाटायची सवय गेली नाही. आता सल्ले वाटतो.) त्यांना गॅरेजच्या दारातून फक्त माझी दोन पावलं दिसली. त्यांनी असा काही टाहो फोडला की समोरच्या घरातल्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. मी आतून ओरडून सांगतेय की मी जिवंत आहे, मी टाकीतलं पाणी काढतेय. पण टाकीखालून येणाऱ्या आवाजावर कोणाचा विश्वास बसेना. शेवटी दोघांनी मिळून मला चटईसकट बाहेर ओढलं. सल्लागारांनी मग माझ्या हातातलं सूचनापत्र घेतलं, आकृती उलटी धरली आणि म्हणाले, साधं आहे, वहिनी. असं म्हणून त्यांनी पंपाच्या बुडाशी असलेलं बूच पान्याने गरागरा उघडलं. त्यातून पाणी आलं नाही. पंपाचं सगळं तेल आलं. काळं, चकचकीत, न थांबणारं. आपल्या दारातलं पायपुसणं ते सगळं प्यायलं आणि तरी सल्लागार म्हणत होते, बघा, किती घाण साठली होती.

ते नवं तेल घालणं हाही एक अध्याय झाला. तुमच्या फळीवर सात बाटल्या, सातही एकसारख्या. एकीवर चिठ्ठी होती, 'पंपाचे. केसांचे नव्हे.' म्हणजे तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं ते कळलं. पंपावर तेलाची पातळी दाखवणारा जो काचेचा लहान डोळा आहे, त्याच्या बरोबर निम्म्यापर्यंत तेल घातलं, नवव्या कलमात म्हटलंय तसं. घालून झाल्यावर बूच लावलं. (क्रम उलटा झाला हे लक्षात आलंय. पायपुसणं आता कायमचंच बाद आहे.) मग दहावं कलम, हवेची गाळणी साफ करणे. तुम्ही ती झटकायची म्हणून लिहिलं होतं; मी तिला साबणाच्या पाण्यात भिजवून, घासून, खळबळून दोरीवर वाळत टाकली, तुमच्या टॉवेलच्या शेजारी. तो टॉवेल तिथे का आहे असं विचाराल, तर तो मी दर रविवारी धुते. वापरत कोणी नाही, पण धुते. एवढ्यासाठी मला कोणी वेडं म्हणत असेल तर खुशाल म्हणावं.

आता रंगारी. तुमच्या पत्राप्रमाणे मी त्याला निरोप धाडला, आणि तो गेल्या रविवारी आला. चांगला माणूस आहे, हाताला काम आहे, अंगाला फवारणीच्या रंगाचा वास आहे. टाकीला त्याने एक प्रदक्षिणा घातली, पट्टा दाबून पाहिला, तेलाचा डोळा पाहिला आणि मान डोलावली. (नवं तेल मीच घातलंय हे मी त्याला लगेच सांगितलं.) मग त्याने टाकीच्या पोटावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, पाणी आहे आत. मग प्रेशरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. काटा तीस पौंडांवर होता. पाच महिने बंद असलेल्या टाकीत हवा कशी, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, आमच्या ह्यांनी आवळलेले सांधे आहेत, गळत नाहीत. (तुम्ही आता कपाळाला आठ्या घालून हिशोब करू लागला असाल. जरा दम धरा.) त्याने वाकून कॉकला हात घातला, आणि मी ओरडले, "हात लावू नकोस!"

अहो, तो ताडकन उभा राहिला. हाताची घडी, नजर खाली. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यानेही माझ्याकडे. चौथी ब, खिडकीजवळचा बाक, सारखा खडू कुरतडायचा तो! अर्धं डोकं पिकलंय आता. मग बसला तो स्कूटरवर आणि मी बादली पालथी घालून तिच्यावर. खूप बोललो. त्याला अजून आठवतं, की बाईंनी गार पेला आणून त्यावरचे थेंब दाखवले होते. मी म्हटलं, टाकीला हात लावू दिला नाही कारण आत एक प्रयोग चालू आहे. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, इतका चांगला विद्यार्थी तो तेव्हा नव्हता. जाताना एवढंच म्हणाला, "बाई, तुमचा प्रयोग असू द्या. पण पाणी असं राहिलं ना, की पत्रा आतून खातं. बाहेरून रंग छान दिसतो आणि एक दिवस मालक येऊन मोटर चालू करतो, तेव्हा फुटते. हवेचं काय एवढं, टाकी नीट असली की हवा कधीपण भरता येते." आणि म्हणाला, घाई नाही, तुमचं ठरलं की सांगा.

तर एकूण असं आहे. सूचनापत्रातल्या अकरापैकी दहा कलमं पार पडली, म्हणजे तुमच्यापेक्षा मला गुण जास्त मिळाले. बाकी बागेतला नळ गळतो, सल्लागार माझ्याकडे पाहून रस्ता बदलतात, आणि घरात शांतता आहे, भरपूर आहे, हवी असेल तर तिकडे पाठवते. लेकीला आणि जावयाला आशीर्वाद. नातीच्या दोन्ही दातांना वेगवेगळा पापा. कळावे. लोभ आहेच, तो वाढवायचा म्हटलं तर माणूस समोर लागतं.

तुमचीच,
गॅरेजची हंगामी प्रभारी

ता. क. वरचं सगळं पुन्हा वाचलं. एवढ्या खाडाखोडीत एक वाक्य खोटं राहिलंय. पाणी रोज काढते असं लिहिलंय. पाच महिन्यांत एकदाही काढलेलं नाही. कॉक जाम नव्हता, मीच तो फिरवला नाही. तुमच्या हातचं तेल असलेला कॉक जाम कसा असेल? करंगळीने फिरला असता. सल्लागारांनी पान्याने हात घातला ते तेलाचं बूच आहे हेही मला कळत होतं. मी बोलले नाही. त्यांनी पायपुसण्यावर तेल सांडलं तरी चालेल, कॉकला हात लागायला नको, असं मला वाटलं.

का, ते सांगते, आणि हे लेकीला वाचून दाखवू नका. तुम्ही निघालात ती सकाळ आठवा. गाडीची वेळ झालेली, अंगात प्रवासाचे नवे कपडे, आणि तुम्ही गॅरेजात काँप्रेसर लावून माळ्यावरच्या बॅगेची धूळ उडवत होतात. शिट्टी वाजवत होतात, तीच, जी आता नातीला घास भरवताना वाजवता. दाढीच्या साबणाचा वास अख्ख्या गॅरेजात भरला होता. मी दारात उभी राहून बडबडत होते, की गाडी चुकेल, की कपडे मळतील, आणि शेवटी म्हणाले, जा एकदाचे, घरात जरा शांतता तरी होईल. तेवढ्यात टॅक्सी आली. तुम्ही मोटर बंद केलीत, बॅग उचललीत आणि निघालात. सात वर्षांत पहिल्यांदाच पाणी काढायचं विसरलात. स्टेशनवरून फोन केलात तोही त्याचाच.

संध्याकाळी कलमं-बिलमं नव्हती तरी मी कॉक उघडायला गेले होते. हात घातला आणि मग सुचलं, की ही हवा आज सकाळची आहे. त्या सकाळची गॅरेजातली हवा पंपाने ओढून आत घेतली आणि दाबून ठेवली. तुमचा साबण, तुमची शिट्टी, बॅगेची धूळ, सगळं आत आहे. (शिट्टी टाकीत राहत नाही हे मला शिकवायला जाऊ नका. मी विज्ञान शिकवते.) माझं ते शांततेचं वाक्यही आतच आहे, आणि ते तरी बाहेर जाऊ द्यावं असं मनात यायचं, पण त्याच्याबरोबर बाकीचंही गेलं असतं. तेव्हा काटा एकशेवीसवर होता. रोज शाळेतून आले की जाऊन बघते. दिवसाला अर्धा पौंड, कधी थोडा जास्त उतरतो. तुमचे सांधेही शेवटी गळतातच.

ता. क. २. विनंती विशेष आहे असं सुरुवातीला म्हटलं होतं ती ही. मी तिकडे राहायला येणार नाही. आले तर पाहुणी म्हणून येईन, नातीला पोटभर बघेन आणि तुम्हाला हाताला धरून परत आणेन. तिला आई आहे, बाप आहे, आणि आता दोन दातही आहेत. मला या वयात नवीन कोणी मिळणार नाही. मला तुमची फार आठवण येते. हे वाक्य चौतीस वर्षांत लिहायची वेळ आली नव्हती, कारण तुम्ही कधी हाकेच्या पलीकडे गेलाच नव्हता. घर भाड्याने द्यायचं नाही, काँप्रेसर कोणाला द्यायचा नाही. तीस पौंड उरलेत. तेवढ्यात या.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहिते आहे. आज शाळेतून आल्यावर सवयीने गॅरेजात गेले. काटा अठ्ठावीसवर होता. पण आज काट्यापेक्षा रंगाऱ्याचंच बोलणं डोक्यात फिरत होतं. एक दिवस मालक येऊन मोटर चालू करतो, असं तो म्हणाला होता. तो मालक म्हणजे तुम्ही. तुम्ही याल, बॅग ठेवण्याआधी गॅरेजात जाल, उकिडवे बसाल, तोंड अगदी टाकीजवळ नेऊन बटण दाबाल. आणि मी तिला आतून सडवत ठेवलेलं असेल, माझ्या एका सकाळीपायी. नाही म्हटलं. बादली ठेवली, चटईवर आडवी झाले आणि कॉक फिरवला.

'फुस्स' झालं. ते संपेपर्यंत मी डोळे मिटून पडून होते. साबणाचा वास नव्हता, गंजाचा आणि तेलाचा होता. मग पाणी आलं. मला वाटलं होतं बादली भरेल. आलं ते जेमतेम अर्धा पेला, तांबूस, गढूळ. एवढ्यासाठी पाच महिने! कॉक उघडाच ठेवला, कलम सात. स्वयंपाकघरात आले, हात धुतले, आणि जरा वेळाने पाहते तर मी ओट्यावर दोन कप चहा गाळून ठेवला होता. तुमचं पाणी काढून झालं की चहा, सात वर्षांची सवय, हातांना कोणी कळवलंच नव्हतं. दोन्ही कप मीच प्यायले. तुमच्यात साखर जास्त असते.

टाकी आता रिकामी आहे, कोरडी आहे, आणि तुम्हाला हवी तशी आहे. ते अर्धा पेला पाणी मात्र फेकलेलं नाही. त्या सकाळच्या हवेतून सुटलेलं आहे, तेवढं तर विज्ञानही मान्य करतं. शाळेतून काचेचं एक भांडं आणलंय, त्यात ओतून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय, जिथे दुपारचं ऊन येतं. पाण्याच्या पातळीशी लाल पेनाने रेघ मारली आहे. झाकण ठेवलेलं नाही. पाच महिने सगळं घट्ट बंद ठेवून पाहिलं, त्याने तुम्ही आला नाहीत. उघड्या भांड्यातलं अर्धा पेला पाणी उन्हात किती दिवस टिकतं, हा चौथीचा प्रश्न आहे. उत्तर पत्राने पाठवू नये, घेऊन यावे.